डबा सुटला म्हणून

काकती,
ता. २ जानेवारी २०२५

सौ. नीलमआक्कास,

रविराजचा नमस्कार. इथं आम्ही बाप-लेक सुखरूप हाय, तिकडं तुम्ही दोघं बरी असाल. भावजींचा ऊस कारखान्याला गेला का अजून तोडणीवाल्यांची वाटच बघताय? त्यांना म्हणावं गुडघ्याला तेल लावत जावा, नुसतं शेकून भागत न्हाय. इकडं थंडी लई पडलीय. तू विणलेलं टोपडं आरोहीला घालतो, ती ओढून फेकत्या, मी परत घालतो. आमचा दिवस असाच जातोय.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू रडायला लागलीस की माझी बोबडी वळत्या, आणि मी गप्प बसलो की तू त्याला होकार धरतीस. कागदावर मला मधी कोण अडवत न्हाय.

पोरीला वर दोन, खाली दोन असे दात आलेत. भिंत धरून चालत्या. मी कामावर गेलो की शेजारच्या रुक्माबाई तिला सांभाळतात, त्या म्हणतात हिची चाल बापासारखीच वाकडी. वरण-भात खात्या. परवा भाकरी दुधात कुस्करून दिली तर...

बरं, लिहायला घेतलंच हाय तर लिहितोच. व्हय, गाईच्या दुधात. डबा सुटला, आक्का, पावडरीचं दूध बंद झालं. आणि तुला ते कळलंय हे मलाबी माहीत हाय.

माझ्याच तोंडानं कळलं. गेल्या पंधरवड्यात मी येड्यासारखा उड्या मारत तुला फोन केलतो, पोरगी बोलली, "आलो" म्हणाली! मी वर्कशॉपातनं आलो की दारातनंच "आलो गं आलो" करून वरडतो, तेच तिनं उचललं, असं गल्लीभर सांगत सुटलतो. फोनवर तिनं तुम्हालाबी म्हणून दाखवलं. भावजी मागनं हसलं, "अरं, आलू म्हणत्या ती, बटाटा मागत्या बटाटा!" पण तू हसली न्हाईस. तुझ्या सासरी अर्धं घर कानडी बोलतंय, तुझे कान तिखट. म्हणालीस, "रविराज, आलो न्हवं रं ते. पोरगी हालू म्हणत्या. तुझ्या दारात दूधवाला येतोय व्हय?"

येतोय. यल्लाप्पा रोज सकाळी "हालू, हालू" वरडत येतो आणि ही रांगत दाराकडं पळत्या. दुधाला कानडीत हालू म्हणतात हे काकतीत जन्मलेल्या मला काय माहीत न्हाय? पण बाप झालं की माणसाला पायजे तेवढंच ऐकू येतंय. पोरीनं पहिला शब्द काढला आणि बापाचं पितळ उघडं पाडलं!

त्या दिवसापासनं तुझी तयारी चालू झाली. पाळणा घेतलास. भावजींनी जीप ठरवली. गाय नुकतीच व्यालीय, दूध भरपूर हाय, संक्रांतीला पोरीला न्यायला येतो, असा निरोप आला. न्यायला. बघायला न्हवं.

कशाच्या जोरावर, तर सौम्याच्या तेराव्याच्या. बायको बाळंतपणात गेली, पोर तेरा दिवसांचं, आणि मारुतीराव काकांनी सगळ्यांच्या देखत निकाल दिला. "पोर डब्याच्या दुधावर हाय तवर काकतीत राहू दे, डॉक्टर जवळ हाय. गाईच्या दुधावर आली की नीलमकडं. तिला मूल न्हाय, दारात गोठा हाय, दोघींचंबी भलं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीबी हलवली म्हणतात. साफ खोटं! माझी मान खाली गेलती, आक्का. बायको गेलेल्या माणसाची मान खाली न्हाय तर कुठं जाणार? त्या खाली गेलेल्या मानेला तुम्ही होकार म्हणलासा.

म्हणून मी तोंड शिवून बसलतो. वर्ष भरलं तवा कॅम्पातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हळूहळू डबा बंद करा, गाईचं दूध चालू करा." लोक हे ऐकून खूश होऊन घरला जातात. मी पोरीला घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलो. डबा बंद म्हणजे पोर गेली, एवढंच डोक्यात. तरी दूध चालू केलं, तिच्या भल्याचं हाय म्हणून. पण रिकामा डबा फळीवर पुढंच ठेवला, आल्या-गेल्याला दिसावा म्हणून. माझ्या घरात, माझ्या पोरीला दूध पाजायला मी चोर! आज तो डबा भंगारात घातला.

"बापाला काय कळतंय दुधातलं?" असं तू रुक्माबाईंपाशी म्हणालीस. मग ऐक. पाचव्या महिन्यात तू किटली भरून दूध आणलतंस, "निम्मं पाणी घाल आणि पाज, आपण काय डब्यावर वाढलो व्हय?" म्हणालीस. मी त्या दुधाचा चहा करून सगळ्यांना पाजला. तू चार महिने बोलली न्हाईस. वर्षाच्या आत गाईचं दूध पोराच्या पोटाला झेपत न्हाय, अंगातलं रक्त कमी होतंय, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलतं. मला पोरगी धडधाकट पायजे हुती, शाबासकी न्हवं.

वर्षानंतर डब्याच्या दुधात थोडं गाईचं, उकळून गार केलेलं, घातलं. तिनं माझ्या तोंडावर फुर्र करून उडवलं. दुसऱ्या दिवशी परत दिलं, परत फुर्र. मग हे वाढवत, ते कमी करत नेलं. बाटली टाकली, पेल्यानं पाजायला लागलो, निम्मं पोटात आणि निम्मं माझ्या शर्टावर. शी घट्ट झाली तवा रुक्माबाईंनी मनुका भिजवून कुस्करून दिल्या. दुधानंच पोट भरलं तर भाताला तोंड लावत न्हाय, म्हणून दूध बेतानं देतो. वर्कशॉपातली पोरं म्हणतात तुझ्या अंगाला ग्रीसपेक्षा दुधाचा वास जास्त येतोय. येऊ दे की!

आई गेली तवा तू बारा वर्षांची हुतीस. मला काखेत घेऊन शाळेला जायचीस, मास्तर वरडलं तर त्यांच्याशी भांडायचीस. ते मी विसरलो न्हाय. तुझी कूस उजवली न्हाय याचं मला वाईट वाटतंय, खरंच लई वाईट वाटतंय. पण नव्या शेंगांचा वानवळा बहिणीला पाठवतात, लेकरू न्हाय पाठवत. तुझ्या उपकाराची फेड मी जन्मभर करीन. ती आरोहीनं करायची न्हाय.

काकांनाबी सांग. गाईसाठी पोर न्यायची असली तर दूध काकतीतबी मिळतंय. गोठा बघूनच द्यायची असती तर मी ती यल्लाप्पाला दिली असती. आणि आईसाठी न्यायची असली, तर तिची आई तुमच्याकडंबी न्हाय.

एक सांगायचं राहिलं, ते मला फोनवर सांगता आलं नसतं. सौम्या गेल्यापासनं ह्या घरात माझी वाट बघणारं एकच माणूस हाय. तेबी नेलासा तर मी कुणाच्या घरला यायचं?

संक्रांतीला तू ये. जीप नको, बसनं ये. पाळणाबी आणू नको, ती आता पाळण्यात ठरत न्हाय. काळा झगा आण, हलव्याचे दागिने आण. बोरन्हाण आत्याच्या हातनं होऊ दे. मांडीवर घेऊन दूध पाज, आठ दिवस राहा, म्हैनाभर राहा. आणि आरोही मोठी झाल्यावर आपल्या तोंडानं म्हणाली, मला आत्याकडं राहायचंय, तर मी स्वतः तिची पिशवी भरून तुझ्या दारात आणून सोडीन. तवर तिची पिशवी कुणी भरायची न्हाय. तूबी न्हाय.

भावजींना नमस्कार. रागावणार असशील तर रागाव, पण ये.

आधी आरोहीचा बाप,
मग तुझा भाऊ,
रविराज