मुर्जोला उचलून नेण्यास हरकत

प्रति,
मा. आरोग्य निरीक्षक,
नगरपालिका कार्यालय, गोर्ना यासिका, रोदोपी डोंगर

विषय : माझा कुत्रा मुर्जो यास सात दिवसांत नेऊन मारण्याच्या आदेशाबाबत.
संदर्भ : आपली ७ मेची नोटीस, जी माझ्या फाटकावर खिळ्याने ठोकली आहे.

महोदय,

मी, रांगेल चौशेव, वय ७१, निवृत्त मेंढपाळ, सविनय कळवितो की, 'कुत्र्याचा त्वचारोग मालकास लागला' हे आपले विधान धादांत खोटे आहे.

१. पहिली चूक माझी. हिवाळ्यात मुर्जोच्या पोटावर लाल चट्टे उठले. माझ्या पाठीवर ते आधीपासूनच होते. आमच्यात मेंढरांच्या कुत्र्याला खाज सुटली की ती खरूजच, आणि खरजेला गंधक व डुकराची चरबी. मी एकाच डब्यातली दोघांना चोळली, तीही फाटकाशी उन्हात बसून. शेजारीण स्ताम्का म्हणाली, "रांगेलदादा, कुत्र्याची खरूज घेतलीत की अंगावर!" उचलली जीभ लावली टाळ्याला. यंदा संत जॉर्जच्या सणाला कोकराच्या मटणाचा वाटा तिने कुंपणावर ठेवला आणि पळाली. मला फार लागले ते.

२. जनावरांच्या डॉक्टर विहराबाईंनी मुर्जोच्या कातडीचा तुकडा तपासून घेतला. निघाला कातडीचा लिंफोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग. मग माझी पाठ बघून त्यांनी मलाही शहरात पिटाळले. निदान तेच. मी विचारले, कोणी कोणाला दिला? त्या म्हणाल्या, "कोणीच नाही, आजोबा. हा लागत नाही. माणसात आणि कुत्र्यात सारखाच होतो, एवढंच. कुत्र्यात भरभर वाढतो." थोडक्यात, मुर्जोमुळे माझा रोग कळला.

३. त्याच रोगासाठी मला सरकारी औषध आणि मुर्जोला मरणाची सुई, हा कुठला न्याय? अकरा वर्षे त्याने लांडग्यांपासून गावाची मेंढरे राखली, त्यात स्ताम्काचीही होती. शरदात बटाटे निघेपर्यंत तो जगेल असे डॉक्टर म्हणतात. तेवढे दिवस तो माझ्याच दारात काढील. मी फाटक उघडणार नाही.

४. तरीही कायदा आपला आहे. म्हणून सोबत दोन तपासणी अहवाल जोडले आहेत. नाव, वय आणि माणूस की कुत्रा ही नोंद, यांवर कागद चिकटवला आहे. रोगाच्या ओळी तेवढ्या उघड्या आहेत. त्यांतला कुत्र्याचा कोणता, हे आपण ओळखावे. ओळखता न आल्यास गाडीत दोघांची जागा ठेवावी.

आपला, नम्र परंतु कुत्रा न सोडणारा,
रांगेल चौशेव
१० मे

सोबत : अहवाल दोन. एक माझा.