टाक्यांचे फोटो

लालबाग

प्रिय राधा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू न उघडताच फाडशील, म्हणून पत्ता लेकीकडून, पूर्वीकडून लिहून घेतला. फोनवर तू मला सगळीकडून बंद केलंस, ते बरोबरच केलंस. तू कणकवलीला भावाकडे आहेस हे आणि तिथला पत्ता, एवढंच शेजारच्या वहिनींकडून कळलं. तुझ्या खोलीला कुलूप आहे. जिन्यावरून जाताना मी तिकडे बघत नाही.

चाळीतल्या बायका माझ्याशी नीट वागतात, तेच सोसत नाही. "शेवंती, तुझा काय दोष? हॅकरने केलं," म्हणतात. मी मान हलवते. तुलाही मी तेच सांगितलं होतं. खोटं नव्हतं गं, पण अर्धंच होतं.

त्या सोमवारी वॉर्डात असताना फोन आला. हॉस्पिटलच्या ऑफिसातून बोलतोय, पगाराची नोंद अपडेट करायचीय, मोबाईलवर आलेला कोड सांगा, म्हणाला. एका पेशंटचं सलाईन संपत आलेलं. घाईत मी सहा आकडे वाचून दाखवले. पासवर्डही त्याला अवघड गेला नसेल. मेलला, बँकेला, सगळीकडे पूर्वीचं नाव आणि पुढे १२३. पोरगी किती वेळा म्हणाली होती, "आई, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेव. आणि कोड कुणालाच द्यायचा नाही, अगदी मलासुद्धा." मी हसायचे. एका नर्सच्या फोनमधून कोण काय चोरणार?

तुझे फोटो होते, राधा. ऑपरेशननंतर छातीवरचे टाके लाल दिसतात म्हणून घाबरून तू रोज पाठवायचीस. बघून लगेच पुसायला हवे होते. राहून गेलं. फोनमधले फोटो आपोआप मेलच्या खात्यात साठतात, हेही मला ठाऊक नव्हतं.

आता लिहितेय ते पूर्वीलाही माहीत नाही. बुधवारी सकाळी त्या माणसाचा मेसेज आला. तुझा एक फोटो, आणि खाली, शुक्रवारपर्यंत पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो. दोन दिवस होते माझ्या हातात. पोलिसांत जायचं, निदान तुला सांगायचं. मी फोन बंद करून कपाटात टाकला. संध्याकाळी तुझ्याकडे आले, तू केलेला चहा प्यायले, टाके सुकले का विचारलं आणि घरी गेले. शुक्रवारी मंडळाच्या बायकांना, तुझ्या जावयाला, माझ्या फोनच्या यादीतल्या प्रत्येकाला ते फोटो गेले.

सायबर पोलिसांच्या मॅडम म्हणाल्या, "आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं. तुम्हाला कधी कळलं?" मी शुक्रवार सांगितला. हे पत्र त्यांना दाखवायचं असेल तर दाखव.

माफी मागायला लिहीत नाहीये. मागायची कुठल्या तोंडाने? काल तपासणीला न आलेल्या पेशंटची यादी माझ्याकडे आली, त्यात तुझं नाव आहे. तीन महिने झाले, राधा. गोळ्याही संपल्या असतील. एवढे दिवस अंगावर काढायचं दुखणं नाही हे, तुला कळतंय ना? तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. मी राजीनामा दिलाय. एक तारखेपासून हॉस्पिटलात मी नसेन. चाळीकडे फिरकू नकोस, परस्पर परळला हॉस्पिटलपाशी उतर, पण ये. मी तुझ्या नजरेला पडणार नाही.

तुझीच,
शेवंती