कान झाकून पाहिलेला सिनेमा

सातपूर, नाशिक

प्रिय हर्षाली,

पत्र बघून दचकू नकोस, आईची तब्येत उत्तम आहे. योगेश उद्या मुंबईला येतोय, त्याच्या हाती देतोय. मोबाइलवर लिहायला बसलो होतो, पण लिहायचो आणि पुसायचो. पाकीट मुद्दाम चिकटवलंय, तुझ्या या भावानं खोदून विचारलं तरी आत काय आहे ते सांगू नकोस.

योगेशचा मेसेज वाचल्यापासून माझा जीव टांगणीला लागलाय. दुसऱ्या सिनेमाचं पार्श्वसंगीत करायला तू नकार देणार आहेस म्हणे, आणि सोमवारी तसं कळवणार आहेस. कारण काय, तर पहिल्या सिनेमाच्या संगीताबद्दल पप्पा चकार शब्द बोलले नाहीत. अगं, माझ्यापायी? नुसत्या येरझारा घालतोय आणि आई डोळे वटारून बघतेय.

लहानपणी भुताचा सिनेमा लागला की तू माझ्या बगलेत तोंड खुपसायचीस. मी म्हणायचो, डोळे नको, कान झाक. कान झाकून बघितलंस की खुदकन हसायचीस, कारण पडद्यावर एक बाई जिना चढत असायची, बस्स. हात काढले की तीच बाई, तोच जिना, आणि तू पुन्हा बगलेत. भूत व्हायोलिनमध्ये असतं हा शोध तुझाच. मग तर तुला खूळच लागलं. नायक-नायिकेची ताटातूट ऐन रंगात आली की तू टीव्हीचा आवाज बंद करायचीस आणि आईचं रडू अर्ध्यातच अडकायचं. शेवटी ती रिमोट पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवायला लागली.

तुझा सिनेमा लागला त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. म्हातारी आपल्या दुकानाचं शटर शेवटचं ओढते, तो प्रसंग आला. शटर खाली येतंय, येतंय, येतच राहिलंय. मला वाटलं, एवढं काय दाखवतायत, शटर तर आहे! सहज शेजारी बघितलं तर आईनं पदर तोंडाला लावलेला. पलीकडच्या पोराचा हात पॉपकॉर्नच्या डब्यात तसाच थांबलेला. पुढच्या रांगेतला एक दांडगा गडी चष्मा काढून डोळे पुसत होता. सगळं थिएटर रडत होतं आणि मी कोरडा ठणठणीत. मला दरदरून घाम फुटला.

बाहेर पडतोय तोच तुझा फोन आला. सिनेमा छान आहे एवढंच म्हणालो आणि फोन आईच्या हातात दिला. हल्ली मी नेहमीच तसं करतो. तुला वाटलं असेल, बँकेची नोकरी सोडली म्हणून म्हातारा अजून रुसलाय. मुळीच नाही गं.

खरं सांगतो, हर्षू, मला ऐकू येत नाही. वर्षभर कमी कमी होत गेलं. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी. समोर बसून कोणी मोठ्यानं बोललं तरच कळतं. कारखान्यात पॉवर प्रेसच्या दणदणाटात जन्म गेला आणि कानात बोळे घालायचा कंटाळा माझाच. डॉक्टर म्हणतात, कानाच्या यंत्रानं बोलणं कळेल, व्हायोलिनचं मात्र त्यांनाही सांगता येत नाही. आईला वाटतं मी मुद्दाम ऐकत नाही, आणि तेच मला बरं वाटत होतं. पोरीनं एवढं वाजवून घ्यावं आणि बापालाच ऐकू येऊ नये, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू? पण तुझं संगीत मी पाहिलंय, अख्ख्या थिएटरच्या तोंडावर पाहिलंय. सोमवारी हो म्हण. कान झाकले की भीती पळते असं मीच तुला शिकवलं होतं. आता माझे कान कायमचेच झाकले गेलेत, आणि तू नाही म्हणशील ही भीती काही केल्या जात नाही.

तुझेच,
पप्पा