चाळिसाच्या वर

२ मार्च
आले एकदाची! खोली लहान पण झकास. पूर्वेला खिडकी, गादी नवी, नळाला गरम पाणी आणि दाराला आतून कडी. मनोरुग्णालयात राहायचं म्हटल्यावर आधी कडीच पाहिली, खोटं कशाला बोलू! रक्त तपासायची खोली लख्ख. मेट्रनबाई तोंडाच्या फटकळ, पण मनाच्या मोकळ्या. म्हणाल्या, नवीन माणूस इथे एक तर रुळतं, नाहीतर पळतं. मी म्हटलं, पळायला आलेलीच नाही मी.

५ मार्च
काम समजलं. रक्तात एक द्रव्य असतं, त्याला इथे नुसतं 'खूण' म्हणतात. थोरल्या डॉक्टरांनी शोधलेली. आकडा चाळिसाच्या वर गेला की माणूस वेडा, मग तो काही का सांगेना. जिन्यात त्यांचं वाक्य रंगवलंय: तोंड खोटं बोलतं, रक्त नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच! दुसरी तपासणी पंधरा दिवसांनी, आणि रुग्णाने मागितली म्हणून तर कधीच नाही.

माझ्या ताईने मागितली होती. मूल गेलं म्हणून रडत होती बिचारी, दुसरं काही नव्हतं तिला. हात जोडून म्हणाली, रक्ताची अदलाबदल झाली असेल, परत बघा. थोरल्यांनी तिला वरच्या मजल्यावर कोंडली. पुढच्या वेळी आकडा आणखी चढलेला, मग कायमचीच ठेवली. तिथेच गेली ती. आमची आडनावं वेगळी, म्हणून मला इथे कोणी ओळखत नाही. बरंच आहे.

९ मार्च
वर्षातून एकदा इथल्या नोकरमाणसांचंही रक्त बघतात. पहिला मान थोरल्या डॉक्टरांचा. सुई मीच टोचली. हसून म्हणाले, हात हलका आहे तुझा. त्यांचं रक्त मोरीत ओतलं आणि त्यांच्या नावाच्या नळीत वरच्या मजल्यावरच्या एका बाईचं भरलं. तेव्हाही हात हलकाच होता.

१० मार्च
एकाहत्तर! त्यांच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरांना खुर्ची हवीच होती, त्यांनी लगेच नियमावर बोट ठेवलं. थोरले ओरडत होते की त्या नव्या पोरीने रक्त बदललं. मेट्रनबाई हसल्या. म्हणाल्या, इथे प्रत्येक जण हेच म्हणतो. खोली त्यांना नेमकी ताईचीच मिळाली. आता कळू दे मेल्याला, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते.

१७ मार्च
रोज वर जाते आणि दाराच्या झरोक्यातून बघून येते. आधी दरडावायचे, मग समजावायचे, आता 'बाई, बाई' करत हात जोडतात. ताई, बघतेस ना? कोणी काही म्हणो, मला गोड वाटतं.

२४ मार्च
त्यांची दुसरी तपासणी. या वेळी मी काही केलं नाही, शप्पथ! धाकटे डॉक्टर शेजारीच उभे होते. वाटलं, सुटला.

त्र्याऐंशी. त्यांचंच रक्त, त्यांच्याच दंडातून— यंत्र परत लावलं. तेवढीच.

म्हणजे ती खोलीच खूण चढवते. कोंडलं, कोणी ऐकेनासं झालं, की शहाण्याचंही रक्त— ताई गं, तू अगदी चांगली होतीस.

२६ मार्च
आज थोरले ओरडले नाहीत. झरोक्याशी येऊन हळूच विचारलं, तुझं रक्त कोणी बघितलं?

कोणीच नाही. सगळ्यांचं काढणारी मी, माझं कोण काढणार!

२७ मार्च
गुपचूप स्वतःचं तपासलं. अडतीस. घाबरून परत तपासलं. एकोणचाळीस. घाबरायचं नाही. घाबरलं की—

२८ मार्च
थोरल्यांनी राउंडला निरोप दिला, नवीन मुलीची तपासणी राहिली आहे. वेड्याचं इथे कोणी ऐकत नाही, पण नियमाचं ऐकतात. सुई धाकट्यांनी टोचली. मला यंत्राजवळ जाऊ दिलं नाही—

बावन्न.

२९ मार्च
या दाराला आतून कडी नाही. भिंतीपलीकडे थोरले हसतायत. सकाळपासून—

सगळं कबूल केलं. नळी, मोरी, ताई, सगळं. पाय धरले. ओरडून सांगितलं की त्यांचं रक्त मीच बदललं, खरंच मीच. मेट्रनबाईंनी डोक्यावरून मायेने हात फिरवला. म्हणाल्या, हो गं बाळा, इथे प्रत्येक जण हेच—