मावळतीचं दार

रविवार, दिवेलागण

जमलं! ग्राइंडरची थरथर हातात अजून आहे, अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

तीन महिने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची कामं मागं ठेवून दत्ताच्या सरहद्दीवरच्या चौकीचं लोखंडी मॉडेल केलं. एका फुटाला एक इंच. दत्ता माझा शाळेतला जोडीदार, त्याच चौकीत दोन सोबत्यांबरोबर शहीद झाला. आज चारला शाळेत कार्यक्रम, आणि एक वाजता त्याची बायको, सुमनवहिनी, शिनोलीहून आली ती बघताच म्हणाली, "भाऊ, दार चुकलंय."

लई राग आला. ज्या फोटोवरून केलं, त्यात दार दिसतच नव्हतं. मी सवयीनं उगवतीला ठेवलं, आपल्या घरांसारखं.

"तिकडं मावळतीला व्हतं. फोनवर सांगायचे, सकाळचं ऊन येत नाय, पण संध्याकाळी चहा घेऊन दारातच बसतो."

नुसती चौकी फिरवावी, तर ती खालच्या पत्र्याच्या डोंगराला वेल्ड केलेली. मुकाट दार कापलं, भोक बुजवलं, पलीकडं नवं बसवलं. रंग ओलाच राहिला.

त्यात भाषणं लांबली. मी नुसता चरफडत होतो. अखेर पडदा सरला तेव्हा ऊन कलून थेट त्या दारातून आत गेलं, आणि सगळी चौकी आतून उजळली! वहिनी वाकली, दाराला हात लावला नि चक्क हसली. "चहाची वेळ झाली त्यांची."

दारावर तिची बोटं उमटलीत. सरपंच म्हणाले, उद्या रंगाचा हात फिरवा.

फिरवतोय कशाला!