बिलकिसची उसनी जीभ

२ मार्च २०२५, रविवार. दम्माम

आजपासून मी जीभ आहे. बिलकिसची.

सकाळी दहाला समोरच्या फ्लॅटमधली बिलकिस वाटी-चमचा घेऊन दारात हजर. कालपासून तिचे रोजे. दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि घरी बसून करते ती ऑर्डरची कामं सगळी गोडाची. म्हणाली, "तुला रोजा नाय. चाख आणि खरं सांग." चाखलं. साखर जास्त. तसं सांगितलं. वाटी घेऊन गेली. थँक यू वगैरे काही नाही.

दापोलीची माणसं अशीच असतात का, असं नवऱ्याला, मनीषला विचारलं. म्हणाला, "छान आहे की." तो मॅच बघत होता.

५ मार्च

प्रकरण मोठं आहे. इथल्याच उम्म रीमा नावाच्या एक बाई रियाधला, अल मलाझमध्ये कॅफे काढतायत. गोडाचं सगळं खातं सांभाळायला बाई हवी आहे. परीक्षा एकच — तिरामिसू. इटलीचा पदार्थ. कॉफीत भिजवलेली बिस्किटं, वर घट्ट मलईसारखं चीज, पुन्हा बिस्किटं, पुन्हा चीज, वर कोको. चोवीस तारखेला डबा पाठवायचा. पसंत पडलं तर नोकरी. बिलकिसच्या स्वतःच्या नावाने इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना. तिच्या नवऱ्याची, शारीकची कंपनी त्याला रियाधच्या ऑफिसात पाठवायला तयार आहे, त्यामुळे त्याची आडकाठी नाही.

आम्हा दोघींच्या आत्ताच्या इकाम्यावर एकच ओळ आहे — काम करण्याची परवानगी नाही. तिच्यावर अकरा वर्षं, माझ्यावर सात. त्याआधी मी नाशिकला एका डेअरीच्या लॅबमध्ये नऊ वर्षं होते. माझ्या सहीशिवाय श्रीखंडाचा एक डबा गेटबाहेर जात नसे. आता माझ्या सहीने लेकीचे, नूपुरचे शाळेचे फॉर्म पुढे सरकतात.

रियाध इथून चारशे किलोमीटर आहे. सहज नकाशा बघितला.

७ मार्च

शुक्रवार. मनीष आणि नूपुर दोघंही दुपारी झोपले. मी तिरामिसूचा इतिहास वाचला.

निराशा झाली. मला वाटलं होतं राजेरजवाड्यांच्या काळातलं असेल. तर हे साठ-सत्तरच्या दशकातलं! माझ्या सासूबाईंपेक्षा लहान. इटलीच्या उत्तरेला त्रेविझो नावाचं गाव आहे, ते म्हणतं आमच्याकडे झालं. शेजारचा प्रांत म्हणतो, छे, आमच्याकडे. दोन्हीकडे जुनी मेनूकार्डं जपून ठेवलीत. भांडण अजून चालू आहे. आपल्याकडे मिसळीवरून चालतं तसंच, फक्त कागदपत्रांसह.

एक मात्र पटलं. त्याआधी तिकडे अंड्याचा बलक साखरेत घोटून अशक्त माणसाला द्यायचे. बाळंतिणीलासुद्धा. म्हणजे डिंकाच्या लाडवाचं खातं. त्यात कुणीतरी कॉफी आणि चीज घातलं आणि जगभर पाठवून दिलं. आपला लाडू तिथेच राहिला.

नूपुरला सांगायला गेले. "ममा, इट्स जस्ट वेट केक." तेरा वर्षांची आहे. जाऊ दे.

८ मार्च

इटलीत त्यात वाईन घालतात. इथे तो प्रश्न मुळातच मिटलेला आहे. त्याऐवजी कॉफीत खजुराचा पाक घालू, ही माझी सूचना. बिलकिसने घातला. मी चाखलं. काळी कॉफी आणि मागून खजूर. उत्तम आहे. म्हणजे खरंच उत्तम.

कच्च्या बलकावरून मात्र वाजलं. मी म्हटलं, कच्चं अंडं माझ्या देखत कुणाच्या पोटात जाणार नाही. उकळत्या पाण्यावर भांडं धरायचं, सत्तर डिग्रीपर्यंत न्यायचं, सतत घोटत. "इटलीवाले करतात काय असा?" मी म्हटलं, इटलीवाले त्यांचं बघतील. नाशिकहून आणलेला थर्मामीटर कपाटातून काढला. सात वर्षांनी. अजून बरोबर दाखवतो.

डब्याला लेबलही लावलं. तारीख, वेळ, "तपासले", खाली माझी सही. बिलकिस हसली. मग म्हणाली, "उम्म रीमाच्या डब्याला पण लाव."

१० मार्च

आज मी विचारलं, महिनाभर रोज कसं जमतं गं? पाळीच्या दिवसांत पण?

म्हणाली, त्या दिवसांत रोजा माफ असतो. सुटलेले नंतर भरून काढायचे. "पण सांगायचा नाय कुणाला. तोंड बंद करून फिरायचा नेहमीसारखा. घरात पण कळत नाय." मग स्वयंपाकघरात कुणी नसताना घोटभर पाणी पितात म्हणे. आमच्याकडे एके काळी उलट होतं, चार दिवस बाजूला बसवून अख्ख्या गल्लीला कळवायचे. कुठली पद्धत बरी ते दोघींनी अर्धा तास बोलूनही ठरलं नाही.

१३ मार्च

होळी. पुरणपोळी केली, चार पोळ्या बिलकिसकडे दिल्या. इफ्तारला खाल्ल्या. थाळी परत येईल ही आशा नव्हतीच. खजूर भरून आली.

मनीष म्हणाला, ही रियाधला गेली तर तुला करमणार नाही. पहिल्यांदाच त्याने "छान" सोडून काही म्हटलं. मी म्हटलं, न करमायला काय झालं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. माझा एक्झिट-रीएन्ट्रीचा, म्हणजे जाऊन परत येण्याचा व्हिसा अडकला आणि मला जाता आलं नाही. तेरा दिवस बिलकिस रोज सकाळी दहाला यायची. बोलायची नाही. भात लावायची, गॅस बंद करायची, जायची. त्या तेरा दिवसांत बाकी कोण आलं होतं मला आठवत नाही. आले असतील.

मला ती जायला नको आहे. लिहून टाकलं. इथे कोण वाचतंय.

१७ मार्च

घोळ. आज संकष्टी. माझा उपास. चंद्रोदय नऊच्या सुमाराला. तिचा रोजा सूर्यास्ताला सुटणार. आणि आजच कॉफी किती कडक हवी ते ठरवायचं होतं. तारीख ठरवताना दोघींपैकी एकीनेही कॅलेंडर पाहिलं नाही. ती म्हणाली माझा महिना चंद्रावर, मी म्हटलं माझा उपासही चंद्रावरच.

शेवटी मनीषला बसवला. तीन वाट्या, तीन वेगळ्या कॉफ्या. पहिली — "छान." दुसरी — "छान." तिसरी — "ही पण छान." बिलकिसने विचारलं, कुठली जास्त? त्याने बराच विचार केला. म्हणाला, "तिन्हींत गोड आहे."

हा माणूस रिफायनरीत सेफ्टीला आहे.

२१ मार्च

मास्कारपोने, म्हणजे ते मलईसारखं चीज, आता कुठेच मिळत नाही. रमजानमुळे सुपरमार्केटच्या फडताळांवर सगळीकडे क्रीम आणि सरबताच्या बाटल्या. चार दुकानं पालथी घातली. शेवटी मीच म्हटलं, लबने घे, इथलं घट्ट दहीच ते, फडक्यात बांधून टांग, चक्का होईल, त्यात क्रीम फेट. श्रीखंड कसं करतो आपण? तसं. लबन्यात थोडं मीठ असतं, पण साखरेत आणि खजुराच्या पाकात लपेल.

तिने लबने टांगलं. सिंकच्या नळाला बांधलेलं ते पांढरं गाठोडं बघून मला एकदम बरं वाटलं.

२३ मार्च

उद्या डबा. संध्याकाळी बिलकिसने थर लावले. बिस्किट कॉफीत बुडवायचं ते एक-दोन म्हणेपर्यंतच, तीन म्हटलं की संपलं. तिचे हात बघत बसले. माझी लॅबमधली सगळी माणसं मिळून एवढी नेटकी नव्हती.

तिला ही नोकरी मिळायला हवी. हे मी पूर्ण शुद्धीत लिहिते आहे.

२४ मार्च, सोमवार

सकाळी अकराला आली. वाटी, चमचा. रात्रभर फ्रीजमध्ये मुरलेलं.

खारट. उघड खारट. लबन्याची कंपनी नेहमीची नव्हती, मीठ लपलं नाही, उलट थंड झाल्यावर वर आलं. कोकोखालून पहिल्यांदा मीठच येतं. लहान मूलही थुंकेल.

"कसा झालाय?"

मी म्हटलं, "बरोबर आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. पुन्हा विचारलं, "खरंच बरोबर?"

मी म्हटलं, "एकदम बरोबर. काही बदलू नकोस."

लेबलवर सही करून दिली. तारीख, वेळ, तपासले. नऊ वर्षांत मी एक खोटी सही केली नाही. एकदा मॅनेजरने टेबलावर मूठ आपटली होती, तरी नाही केली. आज कुणी आपटली नव्हती.

चारला उम्म रीमांचा ड्रायव्हर डबा घेऊन गेला. मी गॅलरीतून पाहिलं.

संध्याकाळी

मनीषला सांगितलं. सगळं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "जाऊन सांग." मी म्हटलं, आता काय उपयोग, डबा गेला. तो म्हणाला, "डब्यासाठी नाही म्हणत मी."

नाही गेले.

२५ मार्च

पास!

उम्म रीमांचा फोन आला. सगळा डबा संपला, त्यांच्या मुलीने बोट फिरवून तळ पुसला. नोकरी नक्की. बिलकिस माझ्या दारात उभी राहून हे सांगत होती आणि मी विचार करत होते, इथल्या लोकांना खारट तिरामिसू आवडतं?

अभिनंदन म्हटलं. मनापासून म्हटलं. आणि लगेच लाज वाटली, कारण त्यातलं निम्मं सुटकेचं होतं. मी तिचं वाटोळं करायला निघाले होते आणि माझ्या हातून तेही झालं नाही.

२६ मार्च

ती दहाला आली नाही. सामान आवरतेय म्हणे.

३० मार्च, रविवार

ईद आणि गुढीपाडवा एकाच दिवशी. सकाळी सातला शारीक नमाजहून परतला तेव्हा मी दाराशी रांगोळी काढत होते. तो म्हणाला, "ईद मुबारक, भाभी, आणि तुमचा पण जो काय असेल तो." गुढी बाहेर उभारत नाही आम्ही, हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभी करतो. नूपुर म्हणते ती टीव्हीपेक्षा ब्राइट आहे.

बिलकिसकडून शीरखुर्मा आला. मी श्रीखंड नेलं. तिने पहिला चमचा माझ्यासमोर खाल्ला. महिनाभरात पहिल्यांदा तिला माझ्या देखत काही खाताना पाहिलं. म्हणाली, "मीठ नाय यात." मी म्हटलं, श्रीखंडात कशाला असेल.

घरी येऊन बराच वेळ ते वाक्य डोक्यात राहिलं. सांगून टाकावं असं चार वेळा ठरवलं. चारही वेळा भांडी घासली.

८ एप्रिल

त्यांचे खोके जिन्यात. मी टेप लावायला गेले. दोघींनी फक्त "इकडून धर" आणि "तिकडून धर" म्हटलं. थर्मामीटर तिला दिला. कॅफेत लागेल. नको म्हणाली नाही.

उद्या सांगेन. किंवा परवा.

१२ एप्रिल, शनिवार

गेली.

शारीक गाडीत सामान लावत होता. बिलकिसने माझा स्टीलचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "विभा, चोवीस तारखेला मला रोजा नव्हता गो. तुझ्या आधी मीच चाखला होता. शारीकला सकाळीच पलीकडच्या खोबर शहरात पाठवला, मास्कारपोने मिळाला, दुपारी दुसरा डबा केला. तो गेला."

मग वाटी घेऊन माझ्याकडे का आलीस, म्हटलं.

"नाय आले असते तर तुला कळला असता, रोजा नाय ते. सवयीने आले."

इतके दिवस बोलली का नाहीस, म्हटलं. रडत होते मी, ते असो.

"काय बोलायचा? सासर-माहेर, दोन्ही घरातली माणसं जा जा म्हणत होती. मला जाऊ नको म्हणणारी तू एकटीच."

वर आले. डबा उघडला. तिरामिसू. झाकणाला आतून माझं चोवीस तारखेचं लेबल, सहीसकट. उम्म रीमांकडे ते गेलंच नव्हतं.

चाखलं. बरोबर आहे.