भुकेनं खाल्लेला पेढा

बाबूजी,

पेढा खाल्ला म्हणजे होकार झाला, असं काऊन ठरवलं तुम्ही? केशोरीहून पाहुणे मला पाहायला आले, तेव्हा मी सकाळपासून उपाशी होती. त्या पोराच्या, ओमेश्वरच्या आईनं पेढा तोंडासमोर धरला, मी खाल्ला. तुम्ही लगेच म्हणाले, "पोरीनं तोंड गोड केलं, आता तारीख काढा." दिवाळीनंतरची तारीख निघाली पण. मला कोणी विचारलं काय?

बी.ए.ला आम्हाला ग्रीकांची एक गोष्ट होती. पाताळाच्या राजानं एका पोरीला पळवून नेलं. तिथं तिनं डाळिंबाचे चार दाणे खाल्ले, तेवढ्यावरून तिला दरसाल त्याच्या घरी जावं लागलं. तिलाही भूकच लागली असेल, बाबूजी.

काल धानाचे पऱ्हे उपटून जुड्या बांधता बांधता मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "मंग तिची माय काय करत होती?"

मी म्हटलं, "माय पिकाची देवी होती. पोरगी परत येतपर्यंत तिनं एक दाणा उगवू नाही दिला."

आईनं हातातली जुडी खाली ठेवली.

आज आपला रोवणा आहे. बाया पऱ्हे लावायला बांधीतल्या चिखलात उतरल्या, तुम्ही शेताच्या धुऱ्यावरून आईला "रामकली, रामकली" करून राहिले, आणि आई घरात माझी बॅग भरून राहिली. "ओरडू दे त्यायले," म्हणते.

नागपूरला एम.ए.ची ॲडमिशन उद्या बंद होते. हे पत्र मी सोबतच नेते, नागपूरहून पोस्टानं पाठवीन, कारण आजच वाचलं तर तुम्ही मागून येऊन एसटीसमोर आडवे व्हाल. तुम्ही चिखलाचे पाय धुऊन आत येतपर्यंत मी एसटीत बसलेली राहीन.

निघाली.

सोनिका